ट्रॉलीची चावी कुठे आहे? वॉर्डातल्या सिस्टरांना इमर्जन्सीसाठी खेळातून कसं तयार करावं

बऱ्याच वर्षांपूर्वीची नाइट. मेडिकल वॉर्ड, पहाटेचे साडेतीन वाजून गेलेले. सतरा नंबरच्या पेशंटचा श्वास थांबला. बरोबरच्या सिस्टरने लगेच छातीवर हात ठेवले, मी इमर्जन्सी ट्रॉलीकडे धावले, तर ट्रॉलीला कुलूप. चावी इन्चार्ज सिस्टरांच्या कपाटात. कपाटाची चावी कुठे असते ते मावशींना माहीत होतं, मला नव्हतं, आणि मावशी सॅम्पल द्यायला खाली लॅबमध्ये गेल्या होत्या. अ‍ॅड्रिनलिनचा डोस आम्हा दोघींना झोपेतही सांगता आला असता. सीपीआरच्या, म्हणजे छातीवर दाब आणि श्वास देण्याच्या, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मिळून सहा महिनेही झाले नव्हते.

तो पेशंट वाचला नाही. कुलूप नसतं तर वाचला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण त्या दोन मिनिटांनी माझं शिकवणं बदललं. पुढे माझ्याकडे स्टाफच्या ट्रेनिंगचं काम आलं तेव्हा पहिल्यांदा मी ट्रॉलीवरचा खेळ तयार केला. गेल्या काही वर्षांत असे बरेच खेळ करून पाहिले, काही टाकून दिले. जे टिकले ते इथे सविस्तर लिहिते आहे. जिल्हा रुग्णालय असो, तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय असो की खासगी नर्सिंग होम, यातल्या एकाही खेळाला महागडी मशीन लागत नाही.

कोणता खेळ खेळ म्हणायचा

लेक्चर संपल्यावर प्रश्नमंजूषा घेऊन पहिल्या नंबराला पेन दिलं म्हणजे खेळातून शिक्षण झालं, असं बऱ्याच ठिकाणी धरतात. सापशिडीच्या पटावर प्रश्न चिकटवतात. सापशिडीचं मूळ मोक्षपटात आहे आणि मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला असं आपल्याकडे परंपरेने सांगतात. पाप-पुण्य समजावताना कवड्यांचं दान चालतं. अ‍ॅरेस्टमध्ये (हृदय बंद पडल्यावर) कोणी काय करायचं हे दानावर सोडता येत नाही. ज्या खेळात सिस्टरला स्वतः निर्णय घ्यावा लागतो, घड्याळ चालू असतं, निर्णयाचा परिणाम लगेच दिसतो आणि चुकल्यावर तोच डाव पुन्हा खेळता येतो, तोच खेळ इथे कामाचा. या चारांपैकी एक जरी गोष्ट नसली तरी तो नुसता विरंगुळा होतो.

खेळ म्हटलं की काही डॉक्टर आणि मेट्रन मॅडम नाक मुरडतात. त्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. जगभर सीपीआर ज्या पुतळ्यावर शिकवतात ती 'रेससी अ‍ॅन' १९६० साली नॉर्वेतल्या स्टाव्हांगर गावच्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्याने केली. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या करण्याचा हातखंडा त्याने श्वास देण्याच्या सरावासाठी वापरला.

आधी आपला वॉर्ड बघा

खेळ निवडण्यापूर्वी गेल्या सहा महिन्यांची रजिस्टरं काढा. अ‍ॅरेस्ट किती झाले, इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन कितींना आली, आयसीयूला घाईने कोणाला हलवलं, लेबर रूममध्ये रक्तस्राव किती जणींना झाला. मग नाइटच्या सिस्टरांना, ब्रदरांना आणि मामा-मावशींना वेगवेगळं गाठून एकच विचारा: "शेवटच्या इमर्जन्सीत तुमचा वेळ कुठे गेला?" त्या रजिस्टरात कधीच न लिहिलेल्या गोष्टी सांगतील. सक्शनची नळी बसत नव्हती. लिफ्टवाला नव्हता. डॉक्टरांचा फोन एंगेज होता.

यातली एकच गोष्ट घ्या आणि तिचं एका वाक्यात ध्येय लिहा. "सीपीआर सुधारणे" हे ध्येय होत नाही. "पेशंट प्रतिसाद देत नाही हे कळल्यापासून १० सेकंदांत नाडी आणि श्वास पाहून छातीवर हात" हे होतं, कारण ते घड्याळावर मोजता येतं. सुरुवातीला मी एका डावात पाच गोष्टी कोंबायचे. शेवटी सिस्टर दमायच्या आणि कोणालाच काही आठवायचं नाही.

सुरुवात करण्याआधीचे नियम

हे नियम मोठ्या अक्षरांत लिहून ड्युटी रूममध्ये लावा. ते एकदाही मोडू देऊ नका.

पेशंटचं काम आलं की खेळ त्या क्षणी थांबतो. थांबवणारा शब्द ठरवून ठेवा. आमच्याकडे "खरं आहे" हा शब्द आहे. सरावाच्या मध्येच कोणी "खरं आहे" म्हटलं की सगळे हातातलं टाकून खऱ्या पेशंटकडे जातात.

वॉर्डात एकच इमर्जन्सी ट्रॉली असेल तर तिच्यातून सरावासाठी काहीही काढायचं नाही. सरावाची औषधं म्हणजे फार्मसीच्या परवानगीने घेतलेली मुदत संपलेली अँप्युल्स आणि रिकाम्या व्हायल, प्रत्येकीवर लाल पट्टी आणि "फक्त सरावासाठी" असं लिहिलेलं. ती वेगळ्या डब्यात, वेगळ्या कपाटात. डाव संपला की दोघींनी मिळून मोजायची. सरावातली भरलेली एक जरी सिरिंज वॉर्डात राहिली तर आपणच नवी इमर्जन्सी तयार केली, हे लक्षात असू द्या.

आजूबाजूच्या पेशंटना आणि नातेवाइकांना आधी सांगा: "आम्ही सराव करतोय, कोणाला काही झालेलं नाही." हे सांगायला मावशींसारखं माणूस नाही. त्या पाच मिनिटांत अख्खा वॉर्ड शांत करतात.

शेवटचा नियम गुणांचा. खेळातलं कोणाचंही वैयक्तिक यश-अपयश गोपनीय अहवालात जाणार नाही, हे मेट्रन मॅडमकडून लेखी घ्या. हे नसेल तर सिस्टर खेळणार नाहीत, खेळल्याचं दाखवतील.

पहिला खेळ: पाठमोरी ट्रॉली

नवीन वॉर्डात सुरुवात नेहमी इथूनच करा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताटातल्या वस्तू एकदा दाखवून झाकतात आणि आठवून लिहायला लावतात, तो खेळ सगळ्यांच्या ओळखीचा असतो. हा त्याचाच भाऊ.

एका मोठ्या कागदावर ट्रॉलीच्या कप्प्यांची रिकामी आकृती काढा. छोट्या चिठ्ठ्यांवर ट्रॉलीतल्या वस्तूंची नावं लिहा: अ‍ॅड्रिनलिन, अ‍ॅट्रोपिन, अमायोडॅरोन, कॅल्शियम ग्लुकोनेट, २५ टक्के डेक्स्ट्रोज, लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं उपकरण), ७, ७.५ आणि ८ नंबरच्या श्वासनलिकेच्या ट्यूब, स्टायलेट (ट्यूबच्या आतली तार), एअरवे, सक्शन कॅथेटर, अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), मास्क. सिस्टरांनी ट्रॉलीकडे पाठ करून चिठ्ठ्या योग्य कप्प्यात ठेवायच्या. वेळ तीन मिनिटं. मग वळून ट्रॉली उघडून पडताळा. पहिल्या डावात अनुभवी सिस्टरही चार-पाच चिठ्ठ्या चुकीच्या ठेवतात. त्याचं कारण बहुतेक वेळा आठवणीत नसतं, ट्रॉलीच्या मांडणीत असतं. एकसारख्या दिसणाऱ्या दोन अँप्युल शेजारी-शेजारी असतात, किंवा मास्क एका कप्प्यात आणि अम्बू बॅग दुसऱ्यात. ते तिथल्या तिथे बदला.

दुसऱ्या डावात वस्तूचं नाव सांगू नका, प्रसंग सांगा. "डॉक्टर ट्यूब टाकायला डोक्याशी उभे आहेत." एवढंच. सिस्टरने ट्यूबसाठी लागणारं सगळं एका फेरीत ट्रेमध्ये आणायचं: लॅरिंगोस्कोप, दोन मापांचे ब्लेड, ट्यूब, स्टायलेट, १० मिलीची सिरिंज, जेली, चालू सक्शन, बांधायची पट्टी, स्टेथोस्कोप. दुसरी फेरी मारावी लागली की डाव हरला. हातात स्टायलेट नाही म्हणून परत ट्रॉलीकडे धावलेली सिस्टर ते पुन्हा कधी विसरत नाही.

तिसरा डाव माझ्या सगळ्यात आवडीचा, त्याचं नाव "आज काय बिघडलंय". आदल्या शिफ्टच्या इन्चार्ज सिस्टरने ट्रॉलीत कुठेतरी तीन छोटे लाल स्टिकर लावायचे. एकावर "सेल संपलेला", एकावर "मुदत संपली", एकावर "हे इथे नाहीच". पाच मिनिटांत तिन्ही शोधायचे. वस्तू खरोखर काढायची नाही, फक्त स्टिकर, कारण मधेच खरा पेशंट आला तर ट्रॉली पूर्ण असली पाहिजे. स्टिकर शोधताना हात प्रत्येक कप्प्यात जातो, लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून बघितला जातो, तारखा वाचल्या जातात. एका वॉर्डात तीन स्टिकर शोधताना सिस्टरांना चौथा, खरा बिघाड सापडला: अम्बू बॅगची झडप उलटी बसवलेली होती.

दुसरा खेळ: पहिली दोन मिनिटं

पुतळा असेल तर उत्तम. नसेल तर घट्ट उशी, खाली लाकडी फळी. उशीवर दाबण्याची खोली कळत नाही, मोठ्या माणसात ती ५ ते ६ सेंटिमीटर हवी. म्हणून खोलीचा सराव अधूनमधून पुतळ्यावर व्हायलाच हवा. वेग, अदलाबदल आणि बोलणं मात्र उशीवर छान शिकता येतं.

पाच कार्डं करा: छाती, श्वास, औषध, घड्याळ, धावपळ. खोलीत शिरताना प्रत्येकाने एक ओढायचं आणि निघेल ते काम करायचं. रोज औषधच भरणाऱ्या सीनियर सिस्टरच्या वाट्याला "छाती" येते तेव्हा तिला कळतं की दोन मिनिटांनी हात किती भरून येतात. वेग मिनिटाला १०० ते १२०, ३० दाब आणि २ श्वास, दर दोन मिनिटांनी छातीवरचं माणूस बदलायचं, आणि कुठल्याही कारणाने दाब थांबला तर तो १० सेकंदांच्या आत पुन्हा सुरू. फोनवर मेट्रोनोम (ठेका देणारं अ‍ॅप) ११० वर लावून ठेवा. मोजण्याबद्दल एक बारकावा सांगते. मोठ्याने "एकोणीस, वीस, एकवीस" करत "एकोणतीस"पर्यंत गेलं की जिभेला वेळ लागतो आणि हाताचा वेग पडतो. त्यापेक्षा एक ते दहा तीनदा मोजा. ताल सुटत नाही.

"घड्याळ" हे कार्ड सगळ्यात अवघड, कारण त्याला बोलावं लागतं. दोन मिनिटं झाली की "बदला", अ‍ॅड्रिनलिन १ मिलिग्रॅम दिल्यावर "चार वाजून बारा, पहिला डोस", आणि पुढच्या डोसची वेळ, म्हणजे ३ ते ५ मिनिटं, झाली की पुन्हा आवाज. औषध देणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणायचं: "अ‍ॅड्रिनलिन एक मिलिग्रॅम आयव्ही, देते." आणि दिल्यावर: "दिलं, फ्लश केलं." सुरुवातीला हे सगळ्यांना नाटकी वाटतं. वाटू द्या. चौथ्या डावाला कोणी लक्षही देत नाही.

"धावपळ" कार्ड मामा किंवा मावशींना हमखास द्या. ट्रॉली ओढत आणणं, पडदा लावणं, फळी पाठीखाली सरकवणं, नातेवाइकांना बाहेर नेऊन त्यांच्याजवळ थांबणं, लिफ्ट धरून ठेवणं. मामांना छातीवर दाब द्यायलाही शिकवा. भारतीय पुनरुज्जीवन परिषद महासंघ तर सामान्य नागरिकांनाही केवळ दाब देण्याची पद्धत शिकवतो. मग पेशंटच्या शेजारी दिवसरात्र वावरणाऱ्या मामांना का वगळायचं?

पाच जणांचा डाव जमला की माणसं कमी करा. नाइटला चाळीस पेशंटमागे दोन सिस्टर आणि एक मामा असतात, तर सरावही तिघांचाच हवा. छाती मामांकडे, श्वास एका सिस्टरकडे, औषध आणि घड्याळ दुसरीकडे. आधी फोन कोण करणार? इथेच सगळ्यांचा गोंधळ उडतो. तो सरावात उडालेला बरा.

तिसरा खेळ: चिंचोके आणि आकडे

अ‍ॅरेस्टच्या आधी कित्येक तास पेशंट आकड्यांतून सांगत असतो. तो ऐकायला शिकवणारा हा पत्त्यांसारखा खेळ. आधार ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली सुधारलेल्या 'न्यूज टू' या स्कोअरचा. श्वास, ऑक्सिजन, बीपी, पल्स, ताप आणि शुद्ध यांना प्रत्येकी ० ते ३ गुण, शिवाय ऑक्सिजन चालू असेल तर २. बेरीज ५ झाली की तातडीने डॉक्टर, ७ किंवा जास्त झाली की इमर्जन्सी.

जाड कागदाची कार्डं कापा. एका पेशंटची तीन कार्डं: सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. प्रत्येक खेळाडूला दहा चिंचोके. एक कार्ड उघडायचं आणि प्रत्येकीने गुपचूप ठरवायचं: बोलवायचं की थांबायचं. डॉक्टरांना बोलावलं तर एक चिंचोका जातो. बोलावलं नाही आणि पुढच्या कार्डावर पेशंट ढासळला तर पाच जातात. हे प्रमाण मुद्दाम ठेवलं आहे. खऱ्या वॉर्डातही बोलावण्याची किंमत असते. आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) चिडतात, "एवढ्यासाठी उठवलंत?" म्हणतात. ती किंमत नाकारून शिकवलं तर सिस्टरांचा विश्वास बसत नाही. ती एक आहे आणि न बोलावण्याची पाच आहे, हे त्यांनी स्वतःच्या हातातले चिंचोके जाताना बघावं.

हे एक कार्ड बघा. श्वास २४, ऑक्सिजन ९४ साध्या हवेवर, बीपी १०४/७०, पल्स ११२, ताप १०१ फॅरनहाइट, पेशंट शुद्धीवर, बोलतोय, चहा मागतोय. दहापैकी सात-आठ जणी थांबतात. आता गुण मोजा: श्वासाचे २, ऑक्सिजनचा १, बीपीचा १, पल्सचे २, तापाचा १. बेरीज ७. एकही आकडा एकटा घाबरवणारा नाही आणि तरीही ही इमर्जन्सी आहे. पहिल्यांदा ही बेरीज फळ्यावर केली तेव्हा खोलीत जी शांतता पसरली ती मला आठवते. प्रत्येकीला आपला एखादा पेशंट आठवला असावा. श्वास मोजायचा आळस किती महागात पडतो, हेही याच कार्डाने शिकवता येतं. चार्टवर सवयीने सगळ्यांचा श्वास २० लिहिला तर हा पेशंट ५ वर दिसतो.

स्कोअरची मूळ कोष्टकं सेल्सिअसमध्ये आहेत आणि आपले चार्ट फॅरनहाइटमध्ये, म्हणून कार्डाच्या मागे दोन्ही छापा. गरोदर बायका आणि सोळा वर्षांखालची मुलं यांच्यासाठी हा स्कोअर नाही, हेही तिथेच लिहा.

बोलवायचं ठरलं की फोनचा डाव. दोघी पाठीला पाठ लावून बसतात, एक सिस्टर, एक डॉक्टर. ४० सेकंद. "सर, अकरा नंबर बघून जा ना, त्यांना बरं वाटत नाहीये" असा फोन आला की डॉक्टरची भूमिका करणारीने म्हणायचं, "राउंडला बघतो." मग पुन्हा: "सर, मेल मेडिकलमधून सिस्टर बोलतेय. अकरा नंबरचा स्कोअर सात आलाय, सकाळी तीन होता. काल न्यूमोनियासाठी अ‍ॅडमिट झालेत. मला सेप्सिस वाटतोय. तुम्ही आत्ता येऊन बघा, तोवर ऑक्सिजन लावते आणि कल्चरची तयारी ठेवते." काय झालंय, मागचं काय, मला काय वाटतं, मला काय हवं, हा क्रम अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधून हॉस्पिटलांत आला. "मला वाटतं" हे दोन शब्द आपल्याकडच्या सिस्टरांच्या तोंडून सहज निघत नाहीत. म्हणून हा डाव वारंवार खेळा.

लेबर रूमसाठी दोन खेळ

रक्ताचा अंदाज. पाण्यात थोडं कॉर्नफ्लॉवर शिजवून लाल खाण्याचा रंग घाला. मापाने मोजून पॅडवर, मॉपवर, चादरीवर आणि किडनी ट्रेमध्ये ओता, माप स्वतःजवळ लिहून ठेवा. प्रत्येकीने फिरून अंदाज चिठ्ठीवर लिहायचा. मग स्वयंपाकघरातल्या साध्या डिजिटल काट्यावर वजन करा: भिजलेल्या कापडाच्या वजनातून कोरड्याचं वजा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. चादरीवर पसरलेलं रक्त बहुतेक सगळ्यांना कमी वाटतं. नॉर्मल डिलिव्हरीनंतर ५०० मिली ही धोक्याची रेषा. अंदाज ३०० आणि काट्यावर साडेपाचशे, असं एकदा डोळ्यांनी बघितलेली सिस्टर पुढच्या डिलिव्हरीला नुसत्या अंदाजावर राहत नाही. याच खेळाला पुढे जोडा: हाक मारणं, गर्भाशयाचा मसाज, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम शिरेतून दहा मिनिटांत (डिलिव्हरीपासून तीन तासांच्या आत), सलाईन, आणि रक्त कुठून येतंय त्याची तपासणी. ही सगळी कामं एकामागोमाग एक न होता एकाच वेळी व्हायला हवीत, हे घड्याळ लावल्याशिवाय पटत नाही.

चौदा अँप्युल. झटके आलेल्या गरोदर बाईला मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेटचा) पूर्ण लोडिंग, म्हणजे सुरुवातीचा, डोस द्यायचा तर ५० टक्क्यांची, १ ग्रॅमची किती अँप्युल लागतात? शिरेतून ४ ग्रॅम म्हणजे चार, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम म्हणजे दहा. चौदा. शिरेतल्या डोससाठी ८ मिली औषधात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर घालून २० मिली करायचं आणि कमीत कमी पाच मिनिटं घेऊन सावकाश द्यायचं. हे पाठ असणं वेगळं आणि बाई झटके देत असताना चौदा अँप्युल फोडून, तीन सिरिंज भरून, लेबल लावून तयार ठेवणं वेगळं. "झटका" असा पुकारा केल्यापासून शेवटच्या सिरिंजला लेबल लागेपर्यंतची वेळ मोजा. एकटीने आणि दोघींनी, दोन्ही वेळा. मग सिस्टर स्वतःच म्हणतात, "एका डब्यात चौदा अँप्युल, सिरिंज, लेबल आणि कॅल्शियम ग्लुकोनेट एकत्र ठेवूया." आमच्या लेबर रूममधला डबा असाच आला. (तुमच्या केंद्रात सिस्टरने किती डोस द्यायचा याचे शासनाचे वेगळे आदेश असतील, तर खेळही त्याप्रमाणेच बेता.)

आणखी तीन, थोडक्यात

रिअ‍ॅक्शन: अँटिबायोटिक दिल्यावर पेशंटला धाप, अंगावर गांधी, बीपी पडलेलं. टेबलावर एव्हिल (अ‍ॅलर्जीचं औषध), हायड्रोकॉर्ट (स्टेरॉइड), अ‍ॅड्रिनलिन, सलाईन यांची कार्डं. पहिलं कोणतं उचलता? सवयीचा हात एव्हिल-हायड्रोकॉर्टकडे जातो. पहिलं कार्ड अ‍ॅड्रिनलिन ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. हा डाव एका मिनिटाचा आहे, रोज खेळता येतो.

सिलिंडर: भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन. पेशंटला मिनिटाला १० लिटर चालू आहे, काटा निम्म्यावर आहे, सीटी स्कॅनला न्यायचं आहे, जाऊन-येऊन पाऊण तास. निघायचं का? ७५ मिनिटं पुरेल, पण लिफ्ट अडकली तर? यावरची चर्चा उत्तरापेक्षा जास्त कामाची.

आग: भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. त्यानंतर या खेळाचं महत्त्व कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वॉर्डाचा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह, अग्निशामक, दुसरा दरवाजा आणि त्याची चावी: दिवे मालवून, हातात टॉर्च घेऊन, चारही ठिकाणी प्रत्यक्ष हात लावून यायचं. व्हॉल्व्ह बंद करण्याआधी ऑक्सिजनवरच्या पेशंटना सिलिंडर कोण लावणार, हेही त्याच फेरीत ठरवा.

डावानंतरचं बोलणं

खेळ दहा मिनिटांचा, बोलणं पंधरा मिनिटांचं. वेळ कमी असेल तर खेळ छाटा. शिकणं इथेच होतं. खुर्च्या गोल मांडा आणि खेळवणारीने सगळ्यात कमी बोला. तीन प्रश्न पुरतात: काय झालं, तेव्हा मनात काय चाललं होतं, पुढच्या डावात कोणती एक गोष्ट बदलायची. "असं का नाही केलंस?" हे वाक्य बंद. ते ऐकलं की माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो.

एक प्रसंग सांगते. दोन मिनिटांच्या खेळात एक नवीन सिस्टर अ‍ॅड्रिनलिन भरून हातात धरून उभी होती, जवळजवळ सहा मिनिटं. दिलं नाही. मी विचारलं, "सिरिंज तयार होती ना? तेव्हा मनात काय चाललं होतं?"

ती म्हणाली, "सरांनी मागितलंच नाही."

डॉक्टरांची भूमिका करणारे आमचे खरेच आरएमओ होते. ते म्हणाले, "मी ट्यूब टाकत होतो, माझं घड्याळाकडे लक्षच नव्हतं. तू सांगायला हवं होतंस."

"सर, तुम्हाला मधे कसं बोलणार?"

यावर कोणी काही बोललं नाही. मग आरएमओच म्हणाले, "मधेच बोल. 'सर, चार मिनिटं झाली, अ‍ॅड्रिनलिन तयार आहे, देऊ का?' एवढंच." त्या सिस्टरने ते वाक्य तिथेच तीनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्या डावात वापरलं, आणि आता ते वाक्य आमच्या "घड्याळ" कार्डाच्या मागे छापलेलं आहे. डॉक्टरांना खेळात ओढून आणायला कष्ट पडतात. पण ज्या अडचणीचं कारण त्यांचा दबदबा आहे ती त्यांच्याशिवाय सुटत नाही, म्हणून ते कष्ट घ्या.

वेळापत्रक आणि नोंदी

सीपीआरचं कौशल्य काही महिन्यांतच ओसरायला लागतं, त्यामुळे वर्षातून एकदा दिवसभराची कार्यशाळा घेण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं भारी पडतात. दुपारी दोनच्या हँडओव्हरला दोन्ही शिफ्ट हजर असतात, तीच वेळ धरा. नाइटचा डाव रात्रीची औषधं संपल्यावर, वॉर्ड शांत असेल तर. ट्रेनिंगचं काम करणाऱ्यांनी महिन्यातून दोनदा तरी नाइटला जायलाच हवं. खरी कमतरता तिथेच दिसते.

फोनवरची क्विझ अ‍ॅप्स डोस आणि क्रम पक्का करायला चांगली आहेत, कारण पुन्हा वाचण्यापेक्षा आठवायचा प्रयत्न केल्याने जास्त लक्षात राहतं. ती आदल्या दिवशी ग्रुपवर पाठवा. हाताच्या सरावाच्या जागी मात्र ती धरू नका.

नोंदवहीत पाच रकाने पुरे: तारीख, शिफ्ट, खेळ, मोजलेली वेळ, आणि वॉर्डात काय बदलायचं. कोणाचंही नाव नाही. वॉर्डा-वॉर्डांत स्पर्धा लावायचा मोह होतो. मी एकदा लावली आणि महिन्याभरात "आज काय बिघडलंय"मध्ये कोणालाच काही सापडेनासं झालं, कारण बिघाड सापडणं म्हणजे कमीपणा झाला होता. तेव्हापासून प्रत्येक वॉर्ड फक्त स्वतःच्या मागच्या वेळेशी खेळतो. शेवटचा रकाना दर महिन्याला मेट्रन मॅडमच्या टेबलावर न्या. सिस्टरांनी सुचवलेला सक्शनचा स्विच महिना उलटूनही दुरुस्त झाला नसेल तर पुढचा डाव घ्यायच्या आधी त्याचा पाठपुरावा करा.

पहिल्या महिन्यात फक्त ट्रॉली. दुसऱ्या महिन्यात दोन मिनिटं, मग आकडे. एकदम सगळं काढू नका.

आमच्या वॉर्डातल्या ट्रॉलीला आता कुलूप नाही. हाताने तोडता येईल असं नंबर घातलेलं प्लॅस्टिकचं सील असतं. डाव संपला, वस्तू मोजून झाल्या की एक सिस्टर नवं सील लावते, मोठ्याने नंबर वाचते, आणि मावशी तो रजिस्टरात लिहून घेतात.